प्राध्यापक मुलांपुढे उभे राहतात तेव्हा

शाळेत कोणी मोठे पाहुणे व्याख्यानाला आले की काय होते, हे आपण सर्व शिक्षक जाणतो. सतरंज्या अंथरल्या जातात, पाहुण्यांचा परिचय वाचला जातो, पाहुणे मुलांना ‘उद्याचे नागरिक’ म्हणून उपदेश करतात, आणि आभारप्रदर्शन झाले की मुले रांगेने वर्गात परततात. त्या तासाभरात मुलांना काय समजले, हे सहसा कोणी विचारत नाही. याउलट, विद्यापीठात शिकवणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या माणसाने केवळ शाळकरी मुलांसाठी म्हणून आठवडे-आठवडे तयारी करावी, टेबलावर साहित्य मांडावे आणि एकाच प्रश्नाची उकल मुलांसमोर करून दाखवावी, अशीही एक परंपरा आहे. तिला आता दोनशे वर्षे होत आली. या परंपरेची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू.

हा लेख आम्ही देवरूखात बसून लिहीत आहोत, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. देवरूख हे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. गावात १९७२ पासून महाविद्यालय आहे आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले आहे. पण ते विद्यापीठ मुंबईत, आणि मुलांसाठी नावाजलेली व्याख्याने होतात ती मुंबई-पुण्यात. त्यामुळे या इतिहासाकडे पाहताना आम्हांला एक प्रश्न वारंवार पडतो. सभागृहात बसलेल्या मुलांना काय मिळाले, हे तर पाहायचेच. पण जे मूल त्या सभागृहापर्यंत पोचू शकत नव्हते, त्याच्यापर्यंत काय पोचले?

नाताळातील मेणबत्ती

या परंपरेचा उगम सामान्यतः लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मानला जातो. १७९९ साली स्थापन झालेली ही संस्था विद्यापीठ नव्हे. पण प्रयोगशाळा आणि व्याख्यानगृह एकाच छताखाली असलेली ती संशोधनसंस्था होती. १८२५ च्या हिवाळ्यात तेथे नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानमाला सुरू झाली. पहिली माला जॉन मिलिंग्टन यांनी दिली. तिला खरा आकार आला तो मायकेल फॅरडे यांच्यामुळे. १८२७ पासून १८६१ पर्यंत त्यांनी अशा एकोणीस माला दिल्या.

फॅरडे हे लोहाराचे चिरंजीव. फारसे शालेय शिक्षण न घेता ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी त्या व्याख्यानांची टिपणे काढली, स्वतःच्या हाताने त्यांची वही बांधली आणि ती डेव्ही यांना पाठवली. पुढच्या वर्षी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाली. एका व्याख्यानाने आयुष्य कसे बदलते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. मुलांसाठी ते इतकी वर्षे उभे राहिले, याचे मूळ बहुधा येथेच असावे.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध माला म्हणजे मेणबत्तीवरची सहा व्याख्याने. ती त्यांनी दोनदा दिली. १८६०-६१ मधील व्याख्यानांचे पुस्तक विल्यम क्रुक्स यांनी १८६१ साली संपादित करून छापले. या मालेची रचना शिक्षकांनी बारकाईने पाहावी अशी आहे. फॅरडे व्याख्येने सुरुवात करत नाहीत. ते पेटलेली मेणबत्ती समोर ठेवतात आणि विचारतात : घन मेण ज्योतीपर्यंत चढते कसे? मग ज्योतीच्या मधल्या काळसर भागात ते वाकवलेल्या काचेच्या नळीचे एक टोक धरतात. दुसऱ्या टोकातून बाहेर येणारे बाष्प पेटवून दाखवतात. म्हणजे जळते ते मेण नव्हे, मेणाचे बाष्प. ज्योतीवर थंड वस्तू धरली की तिच्यावर पाणी जमते. वर जाणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. आणि शेवटी मुलांच्या ध्यानात येते की आपण उच्छ्वास सोडतो तेव्हाही निवळी अशीच दुधाळ होते. म्हणजे मेणबत्तीचे जळणे आणि आपले श्वसन यांचे जवळचे नाते आहे. एका घरगुती वस्तूपासून सहा टप्प्यांत मुले रसायनशास्त्राच्या गाभ्यापर्यंत येतात.

आपल्या घरात मेणबत्तीपेक्षा समई जुनी. समईतील तेल वातीतून वर कसे चढते, वात स्वतः लवकर का जळून जात नाही, हे प्रश्न तेच आहेत. आणि फॅरडे यांनी दाखवलेला काजळीचा प्रयोग तर आपल्या आज्या-पणज्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. ज्योतीवर तांब्याची किंवा चांदीची ताटली धरून काजळ धरायचे, म्हणजे ज्योतीतील पूर्ण न जळलेला कार्बन थंड पृष्ठभागावर गोळा करायचा. ज्योत पिवळी का दिसते, याचेही उत्तर त्याच तापलेल्या कार्बनकणांत आहे. काजळ धरताना पाहिलेल्या मुलाला फॅरडे यांचे अर्धे व्याख्यान आधीच ठाऊक असते. ते त्याला कोणी विचारलेले नसते, इतकेच.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. या व्याख्यानांना मुक्त प्रवेश नव्हता. समोरचे श्रोते बहुतांशी सुखवस्तू घरांतले. १८५५ च्या नाताळात तर राणी व्हिक्टोरियाचे पती आपल्या मुलांना घेऊन श्रोत्यांत बसले होते, आणि त्या प्रसंगाचे चित्रही काढले गेले. लोहाराचा मुलगा व्यासपीठावर उभा राहिला. पण दुसऱ्या एखाद्या लोहाराच्या मुलाला त्या सभागृहात जागा मिळणे सोपे नव्हते. फॅरडे यांचे विज्ञान सभागृहाबाहेर गेले ते छापील शब्दातून. १८५० साली चार्ल्स डिकन्स यांनी त्यांच्याकडून टिपणे मागवून घेतली आणि मेणबत्तीच्या रसायनावरचा लेख आपल्या साप्ताहिकात छापला. पुढे १९६६ पासून ही व्याख्याने दरवर्षी दूरचित्रवाणीवर दाखवली जाऊ लागली. मधली दुसऱ्या महायुद्धातील काही वर्षे वगळता ही परंपरा आजतागायत चालू आहे.

मुंबई, १८४८

आपल्याकडे याचे बीज शोधायचे तर मुंबई विद्यापीठाच्याही आधी जावे लागते. विद्यापीठ १८५७ चे. त्यापूर्वी एल्फिन्स्टन संस्था होती आणि तेथे बाळशास्त्री जांभेकर शिकवत होते. बाळशास्त्री मूळचे पोंभुर्ल्याचे, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. आता ते गाव सिंधुदुर्गात येते. ‘दर्पण’ काढणारे संपादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी मुलांसाठी गणित, भूगोल, इतिहास या विषयांची मराठी पुस्तके लिहिली आणि शाळाशिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कामही केले. इंग्रजीतून शिकलेल्या पहिल्याच पिढीतील हा प्राध्यापक शाळेतल्या मुलाचा विचार मराठीत करत होता.

बाळशास्त्री १८४६ साली गेले. दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही मंडळी स्थापन केली. तिची मराठी शाखा म्हणजे ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे अध्यक्ष होते. सभेत मराठीतून निबंध वाचले जात आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. याच मंडळींनी १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी हे त्यांतले एक प्रमुख. या शाळांत महाविद्यालयातील तरुण स्वतः विनावेतन शिकवत.

याला ‘मुलांसाठी विद्यापीठीय व्याख्यान’ म्हणता येणार नाही. पण दोन गोष्टी येथे प्रथमच दिसतात. महाविद्यालयाने शाळेची वाट पाहिली नाही, ते स्वतः शाळेपर्यंत चालत गेले. आणि ज्ञानाची भाषा त्यांनी ऐकणाऱ्याच्या सोयीने निवडली. लंडनमध्ये मुले सभागृहाकडे जात होती. मुंबईत शिकलेली माणसे मुलींच्या वस्तीकडे गेली. आम्हांला हा फरक फार मोलाचा वाटतो.

पुढे महाराष्ट्रात व्याख्यानाची आवड खूप वाढली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आणि नंतर गणेशोत्सवातील व्याख्याने यांनी गावोगावी श्रोते घडवले. पण हे सारे मोठ्यांसाठी होते. मुले असलीच तर पुढच्या सतरंजीवर पेंगत असत. मुलांच्या प्रश्नाला धरून व्याख्यान रचावे, ही कल्पना रुजायला आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

रामन आणि आकाशाचा रंग

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती हळूहळू पालटली. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. त्याच सुमारास विक्रम साराभाई यांनी अहमदाबादेत विद्यार्थ्यांना प्रयोग करता यावेत म्हणून विज्ञानकेंद्र उभारायला घेतले. डिसेंबर १९६८ मध्ये तेथे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एक व्याख्यान दिले. रामन तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. विषय अगदी साधा : आकाश निळे का?

ज्या माणसाला प्रकाशाच्या विकिरणावरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्याला या विषयावर सूत्रे मांडून तासभर बोलता आले असते. रामन यांनी तसे केले नाही. त्यांनी श्रोत्यांना आधी वर पाहायला लावले. पौर्णिमेच्या चांदण्यात आकाश निळे का दिसत नाही, असा उलट प्रश्न घातला. चांदणे म्हणजे सूर्याचाच परावर्तित प्रकाश, मग रंग गेला कुठे? उत्तर असे की, इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. एका प्रश्नातून दुसरा निघतो आणि आकाशाबद्दलचा प्रश्न डोळ्याबद्दलचा होऊन जातो. विज्ञान कसे चालते, हे यापेक्षा थोडक्यात दाखवणे कठीण आहे.

याच्या पुढची पायरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गाठली. तेथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. या केंद्राने मुंबईतील महापालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट शिक्षकांच्या रोजच्या अनुभवाला धरून आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकते आहे, त्या घरातील मूल विज्ञानाच्या कल्पनेपाशी अडण्याआधी पुस्तकाच्या भाषेपाशी अडते. भाषा सोपी केली की तेच मूल पुढे जाते. १८४८ च्या मंडळींनी जे अनुभवाने ओळखले होते, ते आता पद्धतशीर कामातून समोर आले.

दुसरा शनिवार आणि एक पोस्टकार्ड

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्र स्थापन झाले. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक संचालक. देशभरातील विद्यापीठांच्या प्राध्यापकांसाठी आणि संशोधकांसाठी असलेल्या या संस्थेला शाळकरी मुलांशी काही देणेघेणे असण्याचे कारण नव्हते. पण नव्वदीच्या दशकात तेथे शाळांतील मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सप्रयोग व्याख्याने होऊ लागली. पुण्यातील शाळांतून मुले येत, आणि व्याख्यान इंग्रजीबरोबर मराठी किंवा हिंदीतूनही होई. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक मुलांना आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली छोटा प्रकल्प करायला मिळे. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’; ते सप्तर्षींतील एका ताऱ्याचे नाव, आणि त्यात ‘पुल’ही आले. टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी तेथे अनेक वर्षे काम केले.

या सगळ्यांत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती नारळीकरांची एक सवय. व्याख्यान संपले की मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करत. नारळीकर सांगत : मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहून खाली सही करीन. स्वाक्षरी हवी असेल तर आधी प्रश्न पडला पाहिजे! आणि पोस्टकार्ड तर पुण्याहून जसे जाते तसेच देवरूखहूनही जाते. सभागृह एका शहरात असते, पोस्टाची पेटी प्रत्येक गावात असते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या संशोधनाचे मूल्यमापन तज्ज्ञ करतील; पण मुलाचा प्रश्न हीच व्याख्यानाची फी मानणारा हा प्राध्यापक शिक्षकांनी विसरू नये असा आहे.

नव्वदीच्याच दशकात पुण्यातून ‘विज्ञानवाहिनी’ ही फिरती प्रयोगशाळाही सुरू झाली. प्रयोगांचे साहित्य गाडीत घालून कार्यकर्ते ग्रामीण शाळांत जाऊ लागले. सभागृहालाच चाके लावली, असे म्हणा ना.

जर्मनीतील बाल-विद्यापीठ

या विषयाला युरोपात नवी चालना मिळाली ती २००२ साली. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठ १४७७ मध्ये स्थापन झालेले. तेथील स्थानिक वृत्तपत्राच्या दोन पत्रकारांनी सुचवले की प्राध्यापकांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना विद्यापीठाच्याच मोठ्या व्याख्यानगृहात व्याख्याने द्यावीत. पहिल्या व्याख्यानाचा विषय होता, ज्वालामुखी आग का ओकतात? प्रत्येक व्याख्यानाचे शीर्षक असेच ‘का’ने विचारलेले. मुलांना विद्यार्थ्यांसारखे ओळखपत्र, त्यावर हजेरीचा शिक्का. पालकांना सभागृहाबाहेर थांबायचे. शेकडो मुले आली. थोड्याच वर्षांत युरोपातील अनेक विद्यापीठांनी ही कल्पना उचलली.

तिच्यावर टीकाही झाली. येणारी मुले बहुतेक सुशिक्षित घरांतली. ज्यांच्या आईवडिलांनी विद्यापीठ पाहिलेच नाही, त्यांची मुले कमीच. म्हणून व्हिएन्नाच्या बाल-विद्यापीठाने आपली व्याख्याने शहरातील बागांमध्ये आणि वस्त्यांमध्ये नेली. म्हणजे दीडशे वर्षांनंतर युरोपलाही तोच प्रश्न पडला, जो फॅरडे यांच्या सभागृहात कोणी विचारला नव्हता.

देवरूखात काय करता येईल?

अलीकडच्या वर्षांत दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात सातत्याने पहिला येतो. याचा अभिमान आहेच. पण आपल्या मुलांना उत्तरे चांगली येतात, एवढेच त्यातून सिद्ध होते. प्रश्न विचारण्याची परीक्षा अजून कोणी घेतलेली नाही. दहावी-बारावीनंतर ही मुले मुंबईची गाडी धरतात, आणि पायाखालच्या जमिनीबद्दल पडू शकणारे प्रश्न न विचारताच जातात.

ट्यूबिंगेनची मुले ज्वालामुखीबद्दल ऐकायला गेली. त्यांच्या गावात गरम पाण्याचे झरे नाहीत. आमच्या तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली येथे ते आहेत. खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी गरम, असे अनेकांना वाटते. वस्तुतः हे झरे गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत पसरलेल्या एका लांब पट्ट्यातले आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, खोलवरच्या उष्णतेने तापते आणि पुन्हा भेगांतूनच वर येते. कोकणचा काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ती आग केव्हाच निवाली. मग खोलवर उष्णता अजून कशी? येथे भूगोल, भौतिकी आणि काळाची मोजणी एकत्र येतात. तासाभराच्या व्याख्यानाला याहून चांगला विषय कोणता?

दुसरा विषय जांभ्याचा. चिरेखाणीतून काढताना चिरा तासता येतो, आणि उघड्यावर राहिला की घट्ट होतो, हे येथील प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे. त्यातील लोहाची संयुगे वाळताना घट्ट बांधली जातात, हे त्यामागचे मुख्य कारण. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये मलबारातील अशाच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. चिऱ्याच्या घरात राहणाऱ्या मुलाने हे घराबाहेर पडण्यापूर्वी ऐकले पाहिजे.

यासाठी मुंबईहून कोणाला बोलवायला नको. गावात महाविद्यालय आहे. रसायन, भौतिकी, वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत. महिन्यातून एक शनिवार, पाऊण तास, शुद्ध पण साधी मराठी, शीर्षक प्रश्नाचे, टेबलावर खरी वस्तू, आणि तेवढाच वेळ मुलांच्या प्रश्नांना. भाषणे, सत्कार, हारतुरे यांना रजा. एसटीने येता येत नाही अशा वाडीतल्या शाळेत वर्षातून एकदा प्राध्यापकांनी स्वतः जावे. आणि दारात एक पेटी असावी, जिच्यात मूल आपला प्रश्न कागदावर लिहून टाकील व पुढच्या महिन्यात सही केलेले उत्तर घेऊन जाईल.

शिक्षकांचे काम यात सर्वांत मोठे आहे. व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात वर्गात तो विषय काढावा, मुलांनी घरी आजीला, गवंड्याला, शेतकऱ्याला काय विचारायचे ते ठरवावे. आणि व्याख्यानानंतरच्या सोमवारी पहिल्या तासाला एवढेच विचारावे : काय समजले नाही? फॅरडे पाहुणे म्हणून येऊन गेले, तरी वर्गात सोमवार आपल्यालाच घ्यायचा असतो.